वाचकांचे प्रश्न : मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि स्मृतिभ्रंश

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे या वेळी एकाच आजाराविषयी आहेत. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बिघडल्यामुळे येणारा हा स्मृतिभ्रंश वैद्यकीय कागदपत्रांत ‘व्हॅस्क्युलर डिमेन्शिया’ या नावाने नोंदलेला असतो आणि अल्झायमरच्या खालोखाल तोच सर्वाधिक आढळतो. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि ओळख पटेल असा तपशील वगळून प्रश्न खाली दिले आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. औषधांत कोणताही बदल रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) आठ महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला. डाव्या हातातली शक्ती जवळजवळ पूर्ण परत आली, बोलणेही स्पष्ट आहे. नातेवाइकांची नावे, कोणाचे लग्न कोणत्या वर्षी झाले, सारे त्यांना आठवते. मात्र ते दिवसभर खुर्चीत बसून राहतात, सांगितल्याशिवाय आंघोळीला उठत नाहीत, आणि पूर्वी बिले भरण्याचे जे काम ते चोख करत असत ते आता हातात घेतच नाहीत. डॉक्टरांनी डिमेन्शिया असल्याचे सांगितले आहे. घरचे म्हणतात, स्मरणशक्ती इतकी चांगली असताना डिमेन्शिया कसा असेल? हा निव्वळ आळस आहे. खरे काय मानावे?

उत्तर : डॉक्टरांचे निदान आपल्या वर्णनाशी जुळते; आळसाचा आरोप जुळत नाही, आणि तो लवकरात लवकर थांबायला हवा असे मी आग्रहाने सांगेन.

स्मृतिभ्रंश म्हटले की विसराळूपणा डोळ्यांसमोर येतो, कारण आपल्या परिचयाचा आजार अल्झायमर हा असतो. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा भाग सहसा आधी बिघडतो, म्हणून सकाळी झालेले बोलणे दुपारी आठवत नाही. रक्तवाहिन्यांच्या आजारात नुकसान कोठे झाले त्यावर लक्षणे ठरतात. मेंदूचा पुढचा भाग आणि त्याला खोलवरच्या केंद्रांशी जोडणारे तंतू यांना झळ पोचली, तर कामाची आखणी करणे, ते सुरू करणे, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाणे आणि हे सारे पुरेशा वेगाने करणे, या क्षमता आधी जातात. जुनी आठवण शाबूत असते, पण तिचा उपयोग करून एखादे काम तडीस नेता येत नाही. बिल भरणे ही आपल्याला एक कृती वाटते. प्रत्यक्षात कागद शोधणे, रक्कम पाहणे, मुदत लक्षात घेणे, पैसे कोठून द्यायचे ते ठरवणे आणि मध्येच कोणी हाक मारली तरी धागा न सोडणे, एवढे सारे त्यात येते.

सकाळच्या वेळी त्यांच्याकडे जरा लक्षपूर्वक पाहा. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी एक हात सदऱ्यात घातलेला असतो, दुसरी बाही मांडीवर पडलेली असते, आणि ते तसेच थांबलेले असतात. सदरा कसा घालायचा हे ते विसरलेले नाहीत. पहिल्या कृतीनंतर दुसरी आपोआप सुरू होत नाही, एवढेच. अशा वेळी ‘आता दुसरा हात’ एवढे तीनच शब्द शांतपणे सांगावेत आणि थांबावे. हे थांबणे घरच्यांना सर्वांत अवघड जाते. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला पूर्वी क्षण लागत असे, तेथे आता बराच वेळ लागतो. त्या वेळात आपण प्रश्न पुन्हा आणि वेगळ्या शब्दांत विचारला, की त्यांना सगळे पहिल्यापासून जुळवावे लागते. एका वेळी एकच सूचना द्यावी, बोलताना टीव्ही बंद ठेवावा, आणि जे काम ते सावकाश का होईना करू शकतात ते घाईपोटी आपण उरकून टाकू नये. दिवसाचा क्रम ठरलेला असला, आंघोळ, औषधे आणि फिरणे रोज त्याच वेळी होऊ लागले, तर ‘सुरुवात’ करण्याचे ओझे त्यांच्या मेंदूवरून बरेच उतरते.

दोन गोष्टी डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे नैराश्य. स्ट्रोकनंतर साधारण तीनांपैकी एका रुग्णाला कधी ना कधी ते येते, बाहेरून निरुत्साहासारखेच दिसते, आणि उपचारांनी बरे होऊ शकते. निरुत्साही माणूस सहसा दुःखी नसतो, त्याला कशाचे काही वाटत नाही. नैराश्यात मात्र अपराधी वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, जगून काय उपयोग असे उद्गार, ही चिन्हे असतात. दुसरी गोष्ट चाचणीची. १९७५ पासून वापरात असलेल्या एमएमएसई या चाचणीत स्मरण आणि स्थळकाळाचे भान यांना महत्त्व आहे, त्यामुळे आपल्या वडिलांसारख्या रुग्णाला तीत चांगले गुण मिळून जातात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोका या चाचणीत घड्याळ काढणे, अंक आणि अक्षरे आलटून पालटून जोडणे अशी कामे असतात. या आजारातली उणीव तेथे लवकर दिसते. घरच्यांना एकदा ते घड्याळाचे चित्र पाहू द्या. आळसाची चर्चा बहुधा तेथेच संपेल.

स्ट्रोकनंतर पहिले काही महिने मेंदू सावरत असतो, म्हणून घाईने निदान करू नये असा संकेत आहे. आठ महिन्यांनंतर केलेले निदान त्या दृष्टीने योग्य आहे. पहिल्या स्ट्रोकनंतर दहांपैकी सुमारे एकाला स्मृतिभ्रंश होतो, पण स्ट्रोक पुन्हा आला तर हे प्रमाण एक-तृतीयांशापर्यंत जाते. पुढचा स्ट्रोक टाळणे हाच या आजारावरचा मुख्य उपचार का मानला जातो, ते या फरकावरून कळते.

प्रश्न : माझ्या पतींना (वय ६८) कधीही पक्षाघात झालेला नाही. दोन वर्षांपासून त्यांची चाल मंदावली आहे, पावले लहान पडतात, लघवीची घाई होते, आणि विचार करून बोलायला फार वेळ लागतो. एमआरआयच्या अहवालात ‘लहान रक्तवाहिन्यांचा जुना आजार’ आणि ‘लॅक्यून’ असे शब्द आहेत. स्ट्रोक न येता हा आजार होऊ शकतो का? अहवाल वाचून आम्ही घाबरलो आहोत.

उत्तर : होऊ शकतो, आणि तो कमी आढळतो असेही नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असतो, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू त्यालाच लागतो. मेंदूच्या खोल भागात पोचणाऱ्या वाहिन्या केसासारख्या बारीक आणि लांब असतात. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतासारखी या भागाची स्थिती असते. वर कोठेही प्रवाह कमी झाला तरी कोरड आधी तेथे पडते. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. एखादी वाहिनी पूर्ण बंद झाली की तेथे काही मिलिमीटरांचा खड्डा उरतो, त्यालाच लॅक्यून म्हणतात. तो हालचाल किंवा वाचा सांभाळणाऱ्या जागी नसेल तर त्या क्षणी कोणालाच काही कळत नाही. असे अनेक मूक आघात साठत गेले आणि आजूबाजूचे तंतू झिजत गेले की आपण वर्णन केलेले चित्र दिसते: मंद विचार, आखूड पावले, लघवीची घाई. ओट्टो बिन्सवांगर या डॉक्टरांनी १८९४ मध्येच मेंदूच्या श्वेतद्रव्याच्या अशा झिजेचे वर्णन केले होते. मोठ्या स्ट्रोकनंतरचा आजार पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने वाढतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. लहान वाहिन्यांचा आजार मात्र हळूहळू वाढतो, त्यामुळे तो अल्झायमर समजला जाण्याची शक्यता असते.

आता भीतीविषयी. साठीनंतर एमआरआय केलेल्या बहुतेक माणसांच्या मेंदूत अशा झिजेचे काही पांढरे ठिपके दिसतातच, आणि त्यांतले बरेच जण आपले व्यवहार उत्तम सांभाळत असतात. ठिपके किती पसरले आहेत हे सांगण्यासाठी रेडिओलॉजिस्ट ‘फझेकास’ नावाची शून्य ते तीन अशी श्रेणी वापरतात. एक म्हणजे तुरळक ठिपके, तीन म्हणजे एकमेकांत मिसळलेले मोठे पट्टे. अहवालात ही श्रेणी नसेल तर डॉक्टरांना विचारावी, कारण ‘जुना आजार’ या दोन शब्दांवरून काहीच अंदाज येत नाही. निदान चित्रावरून ठरत नाही. चित्र, चाचणीतील गुण आणि दैनंदिन जीवनात पडलेला फरक या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. उतारवयात अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार एकत्र असणे हेही नेहमीचे आहे, म्हणून ‘दोन्हींपैकी कोणता’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा ‘दोन्ही’ असे मिळते.

आपल्या पतींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून विचारा. मंद चाल, लघवीवरचा सुटणारा ताबा आणि बुद्धीची मंदता ही तीन लक्षणे मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या फुगल्यामुळे होणाऱ्या एका विकारातही दिसतात, आणि त्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते. एमआरआय त्या दृष्टीने पाहिला गेला आहे का, याची खात्री करावी. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड यांच्या रक्तचाचण्या झाल्या नसतील तर त्याही कराव्यात. या कमतरता भरून काढता येतात आणि त्या शोधायच्या राहून गेल्या तर ते खरोखर दुर्दैव ठरेल.

प्रश्न : आईला (वय ७६) रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया आहे. स्मरणशक्तीची गोळी, मेंदूचे टॉनिक, रक्त पातळ करण्याची गोळी, असे प्रत्येक जण वेगळे सुचवतो. नेमका कोणत्या औषधाचा उपयोग होतो?

उत्तर : मेलेली पेशी जिवंत करणारे औषध आज उपलब्ध नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. नुकसान पुढे वाढू न देण्याचे उपाय मात्र आहेत, आणि त्यांत पहिला मान रक्तदाबाचा आहे. टॉनिकांवर जेवढा विचार आणि खर्च घरोघरी होतो, त्याच्या निम्मा जरी रक्तदाबाच्या नोंदींवर झाला तरी रुग्णांचे अधिक भले होईल, असे माझे ठाम मत आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट माइंड’ या अमेरिकी अभ्यासात पन्नाशीपुढील नऊ हजारांहून अधिक उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाचा वरचा रक्तदाब १२०च्या खाली आणि दुसऱ्याचा १४०च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. पहिल्या गटात बुद्धीची सौम्य उणीव निर्माण होण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. पूर्ण स्मृतिभ्रंशातली घट मात्र निर्णायक ठरली नाही. शिवाय मधुमेह असलेले आणि आधी स्ट्रोक येऊन गेलेले लोक या अभ्यासात नव्हते, म्हणून १२० हा आकडा आपल्या आईंना जसाच्या तसा लावता येणार नाही. आजार आधीच झालेल्या, अशक्त आणि उठताना भोवळ येणाऱ्या वृद्ध व्यक्तीचा दाब फार खाली नेला तर मेंदूला पोचणारे रक्तच कमी पडते आणि पडण्याचा धोका वाढतो. त्यांचे उद्दिष्ट डॉक्टरांनी त्यांच्यापुरते ठरवावे.

घरी दाब मोजताना त्यांना पाच मिनिटे शांत बसू द्यावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा, थोड्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. त्यानंतर एकदा आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजून पाहावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ती नोंद डॉक्टरांना अवश्य दाखवावी. ही एक तपासणी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात राहून जाते, आणि तिच्यामुळे औषधांची मात्रा बदलू शकते.

रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांबाबत सरसकट नियम नाही. गुठळीमुळे स्ट्रोक येऊन गेला असेल तर ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखे औषध पुढचा आघात टाळण्यासाठी देतात. नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर स्ट्रोकचा धोका सुमारे पाच पट होतो आणि तेथे ॲस्पिरिन पुरेसे नसते, अधिक प्रभावी रक्तगोठणरोधक औषध लागते. म्हणून नाडी तपासणे आणि ईसीजी काढणे महत्त्वाचे. या दोन्हींपैकी काहीच नसताना केवळ ‘मेंदूसाठी चांगली’ म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये: २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘ॲस्प्री’ अभ्यासात निरोगी वृद्धांना तिच्यामुळे स्मृतिभ्रंशापासून संरक्षण मिळाले नाही, रक्तस्राव मात्र वाढले. एमआरआयमध्ये सूक्ष्म रक्तस्रावांच्या खुणा असतील तर हा निर्णय आणखी तोलून घ्यावा लागतो.

डोनेपेझिल आणि मेमॅन्टिन ही औषधे मुख्यतः अल्झायमरची आहेत. केवळ रक्तवाहिन्यांच्या आजारात त्यांनी चाचणीतले गुण थोडे सुधारतात, पण रोजच्या वागण्यात फरक जाणवेलच असे नाही. दोन्ही आजार एकत्र असल्याचा संशय असेल तर ती देणे योग्य ठरते. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब होऊ शकतात आणि नाडी मंदावू शकते. ते सुरू केल्यावर भोवळ आली तर लगेच कळवावे. अलीकडे गाजलेली, मेंदूत साठलेले अमायलॉइड नावाचे प्रथिन काढून टाकणारी इंजेक्शने अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, या आजारासाठी नाहीत.

आईंच्या सर्व गोळ्या, दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या सर्दीच्या गोळीसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी जुनी औषधे, लघवीची घाई कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि काही झोपेच्या गोळ्या बुद्धी आणखी मंद करतात. एखादी गोळी कमी केल्याने रुग्ण तरतरीत झाल्याची उदाहरणे वृद्धांच्या दवाखान्यात नित्याची आहेत. मधुमेह असेल तर साखर फार काटेकोरपणे खाली ठेवण्याचा हट्ट या वयात नको. साखर एकदम उतरणे मेंदूला अधिक घातक असते.

प्रश्न : वडिलांना हा आजार होता. मला (वय ४५) होईल का?

उत्तर : बहुतेक कुटुंबांत हा आजार थेट वारशाने येत नाही, रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांची प्रवृत्ती वारशाने येते. कॅडसिल नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक प्रकार आहे, त्याचे मूळ असलेला नॉच-३ हा जनुक १९९६ मध्ये सापडला. घरात अनेकांना तरुणपणी स्ट्रोक आणि अर्धशिशी यांचा त्रास झाला असेल तरच त्याची तपासणी विचारात घ्यावी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सर्व दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्णसंख्या टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज दिला. मध्यम वयातला उच्च रक्तदाब, वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि ऐकू कमी येणे ही त्यांतली आपल्याला आजच हाताळता येणारी. रक्तदाबाच्या बाबतीत पंचेचाळिशी हे अगदी नेमके वय आहे.

प्रश्न : सासूबाई (वय ७९) मध्येच रडू लागतात, कारण विचारले तर सांगता येत नाही, आणि थोड्या वेळाने शांत होतात. गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी त्या आम्हाला ओळखत नाहीत, कोणीतरी घरात शिरले आहे म्हणतात. शेजाऱ्यांनी शांत ठेवणारी गोळी सुचवली आहे. द्यावी का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक तातडीची आहे.

जो बदल आठवड्याभरात आला, तो स्मृतिभ्रंश वाढल्यामुळे आला असे गृहीत धरू नये. हा आजार इतक्या वेगाने वाढत नाही. अशा अचानक आलेल्या गोंधळाला डेलिरियम म्हणतात, आणि त्यामागे मेंदूवर बाहेरून आलेला काहीतरी ताण असतो: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, लघवी अडणे, न सांगता येणारे दुखणे, नवी गोळी. वृद्धांमध्ये ताप न येताही संसर्ग असू शकतो. पडताना डोक्याला मार लागला असेल तर कवटीच्या आत सावकाश साठणारे रक्त हेही कारण असते, आणि नवा स्ट्रोकही नाकारता येत नाही. म्हणून गोळी देण्याआधी, शक्यतो आजच, त्यांना डॉक्टरांना दाखवा आणि ‘गेल्या आठवड्यापासून’ हे शब्द आवर्जून सांगा.

शांत ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी मनोविकारांवरची जी औषधे सर्रास वापरली जातात, त्यांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये त्यांच्या वेष्टनावर छापायला लावला. स्ट्रोकचा धोकाही वाढतो, आणि ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच बिघडलेल्या आहेत त्यांच्यासाठी ही बाब गंभीर आहे. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आली तर डॉक्टर ती अल्प मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी देतात. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने ती मुळीच सुरू करू नयेत.

‘कोणीतरी शिरले आहे’ असे त्या म्हणतात तेव्हा ‘कोणी नाही, उगाच काही बोलू नका’ असे उत्तर दिल्याने त्यांची भीती जात नाही, त्या एकट्या मात्र पडतात. ‘तुम्हाला भीती वाटते आहे, मी इथेच बसते’ असे म्हणावे, दिवे संध्याकाळ होण्याआधीच लावावेत, आरशातले प्रतिबिंब किंवा पडद्याची सावली गोंधळात टाकत नाही ना ते पाहावे, चष्मा आणि श्रवणयंत्र जागेवर आहे याची खात्री करावी.

राहिला प्रश्न अकारण रडण्याचा. भावना व्यक्त करण्यावर मेंदूचा जो लगाम असतो त्याचे तंतू तुटले की रडू किंवा हसू प्रसंगाला न शोभेल असे फुटते. आत तेवढे दुःख असेलच असे नाही, म्हणून ‘काय झाले’ असे खोदून विचारण्याने त्या आणखी गोंधळतात. विषय बदलावा, हात धरावा, क्षणभर थांबावे. हे वारंवार होत असेल तर नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी ते कमी होते.

प्रश्न : पतींनी वाहन चालवणे आणि बँकेचे व्यवहार कधी थांबवावेत? विषय काढला की ते चिडतात.

उत्तर : या आजारात प्रतिक्रियेचा वेग आणि एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता आधी जाते, आणि वाहन चालवायला नेमके हेच लागते. गाडीवर नवे ओरखडे दिसणे, ओळखीच्या वळणावर गोंधळणे, मागच्यांनी सतत हॉर्न वाजवणे, यांपैकी काहीही दिसत असेल तर थांबण्याची वेळ आली आहे. हा निर्णय आपल्या तोंडून येण्याऐवजी डॉक्टरांनी लेखी दिला तर घरातला कलह टळतो. पैशांच्या बाबतीत उलट आहे: तेथे थांबवण्याची घाई न करता सोपवण्याची घाई करावी. मुखत्यारपत्र, इच्छापत्र, पुढच्या उपचारांविषयीची त्यांची इच्छा, हे सारे त्यांची समज पुरेशी आहे तोवर त्यांच्या संमतीने आणि वकिलाच्या सल्ल्याने लिहून घ्यावे. त्यानंतरही थोडी रक्कम त्यांच्या हाती राहू द्यावी.

प्रश्न : गेली तीन वर्षे मी एकटी पतींना सांभाळते आहे. आता त्यांना पाणी पिताना ठसका लागतो, रात्री दोन-तीनदा उठावे लागते, आणि माझी पाठ गेली आहे. हे किती काळ चालणार, असे विचारले तर नातेवाईक मला कठोर ठरवतात. मी काय करावे?

उत्तर : आपला प्रश्न कठोर नाही, जी व्यक्ती ही जबाबदारी रोज उचलते तिला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. नेमका आकडा देता येत नाही, कारण या आजारात आयुष्य बरेचसे हृदयाची स्थिती आणि पुढचा स्ट्रोक यांवर ठरते. काही रुग्ण वर्षानुवर्षे एकाच पातळीवर राहतात. त्यामुळे ‘थोडेच दिवस आहेत’ असे मानून स्वतःला झिजवू नका. मदत कायमची लागणार आहे असे धरूनच व्यवस्था करा. आठवड्यातल्या ठरावीक रात्री दुसऱ्या कोणीतरी जागणे ही पहिली मागणी नातेवाइकांसमोर ठेवा, आणि ती नेमक्या शब्दांत ठेवा: ‘मदत करा’ असे म्हटल्याने कोणी येत नाही, ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री तुम्ही झोपायला या’ असे म्हटल्याने येण्याची शक्यता असते. आपली पाठ, आपला रक्तदाब आणि आपली झोप यांची तपासणी त्यांच्याच भेटीच्या दिवशी करून घ्या आणि आपण एकट्याच सांभाळता हे डॉक्टरांना सांगा.

रात्रीच्या उठण्यासाठी संध्याकाळनंतरचे पाणी थोडे कमी करावे, पण दिवसभरातले एकूण पाणी कमी होऊ देऊ नये. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळी देता येईल का, हे विचारावे. पलंगाजवळ लघवीचे भांडे, संडासापर्यंत मंद दिवा आणि वाटेतल्या सैल चटया उचललेल्या, एवढ्याने रात्रीचे पडणे बरेच टळते.

ठसक्याकडे दुर्लक्ष नको, कारण अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. वाचा आणि गिळणे यांचे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडून एकदा तपासणी करून घ्यावी. पातळ पदार्थ थोडे दाट करावेत की नाही हे त्यांनीच ठरवावे. तोवर त्यांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घोट द्यावेत. एक घोट पूर्ण गिळला गेल्यावरच दुसरा द्यावा, आणि खाणे-पिणे झाल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. झोपण्याआधी दात आणि जीभ स्वच्छ केल्याने तोंडातले जंतू फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो.

घरात येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट शिकवून ठेवा. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर घड्याळ पाहून वेळ लिहावी आणि त्यांना काही खायला-प्यायला न देता थेट स्ट्रोकचे उपचार करणाऱ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ‘लक्षणे कधी सुरू झाली’ हा तेथला पहिला प्रश्न असतो. त्यांना स्मृतिभ्रंश आहे म्हणून हा उपचार आपोआप नाकारला जात नाही. पूर्वीचे त्यांचे चालणे-बोलणे कसे होते हे सांगणारी आणि रोजच्या गोळ्यांची यादी हातात असलेली व्यक्ती मात्र सोबत असायला हवी.